कारंज्याचा धडा

बिरोबाचीवाडी, ता. जत
१७ जानेवारी १९९९

आदरणीय संयोगिताताई,

"माज्या पोरीला वाचता येतंय का, बाई?" चौथीतल्या मायाक्काच्या आईने, हरणाबाईने, परवा मला एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "पेपरात फोटो आलाय की तिचा."

"फोटू बघितला. मी वाचायचं इचारते."

शाळेच्या पायरीखाली उन्हात उभी होती. पाय मळलेत म्हणून वर यायला तयार नव्हती. मी तिला म्हटलं, नाथाजी सरांना भेटा, माझा तास आहे. आणि आत गेले. तास नव्हता.

तुमची शिरवळला बदली झाल्यापासून हे माझं पहिलं पत्र. दिवाळीत तुम्ही सामान बांधत होतात तेव्हा मी तासगावला घरी निघून गेले होते, वडिलांना, आण्णांना, बरं नाही म्हणून. आण्णा ठणठणीत होते. द्राक्षाच्या छाटणीवर रोज कामाला जात होते.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. संस्थेने मायाक्काला शिरवळच्या आपल्या कन्याशाळेत पाचवीसाठी जागा दिली आहे, वसतिगृहासह. जूनमध्ये ती तुमच्या वर्गात येईल. दसऱ्यानंतर तिच्या घरची सगळी माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या गावांकडे उतरली. या पोरीच्या शाळेसाठी हरणाबाई तेवढी मागे राहिली आहे, म्हातारा सासरा आणि चार अशक्त कोकरं घेऊन. पोर वसतिगृहात गेली की तिलाही कळपाकडे जाता येईल.

तर विचारायचं ते असं. तुमच्याकडे पाचवीत सुरुवातीला काय वाचायला देता? पुस्तकाशिवाय आणखी काही असतं का? मला तिला तयार करून पाठवायचं आहे.

नोव्हेंबरच्या कार्यक्रमाला तुम्ही नव्हता. ज्या कारखान्याने आपल्याला कॉम्प्युटर दिला तिथले साहेब आले होते, पेपरवाले होते. आवाज बंद ठेवून मायाक्काने पडद्यावरचा 'कारंजे' हा धडा वाचला, शब्दाशब्दाखाली बोट धरून. घरात अर्धं कन्नड बोलणारी पोर, पण 'तुषार' या शब्दालाही अडली नाही. आपले अध्यक्ष हंबीरराव साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. आण्णांनी पेपरातलं कात्रण बाबासाहेबांच्या तसबिरीखाली डकवलंय. आल्यागेल्याला दाखवतात, "ही मागं हुबी हाय ती आमची अक्षता. बी. ए., डी. एड."

वीज गेली होती त्या दिवसाबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही. मला तुमच्याकडून फक्त पाचवीचं हवं आहे.

आपली,
अक्षता


बिरोबाचीवाडी
७ फेब्रुवारी १९९९

संयोगिताताई,

उत्तर आलं नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

वीज गेली त्या दिवसाबद्दल आज लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. नाथाजी सरांकडे गेले होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बाई, हेडमास्तरनं काय ऐकावं न् काय ऐकू नये, हे रिटायरमेंट जवळ आल्यावरच कळतं. तुमी तरुण हाय. जरा दमानं घ्या." मी दमानं घेतलं आणि परत आले.

ऑगस्टमधली दुपार होती. मी चौथीची चार-चार मुलं कॉम्प्युटरपुढे बसवत होते. पडद्यावर ओळ यायची, सीडीतली बाई ती वाचायची, जो शब्द वाचला जाई तो पिवळा व्हायचा, आणि मुलं मागोमाग म्हणायची. मला ते बघून भरून यायचं. वाटायचं, ज्यांच्या घरात पुस्तक नाही, पुस्तकातली मराठी नाही, ती पोरं माझ्या डोळ्यांदेखत वाचायला लागली.

वीज गेली. पडदा काळा झाला. तिघं थांबली, मायाक्का थांबली नाही. "कारंज्याचे तुषार वाऱ्यावर उडतात. मुले टाळ्या पिटतात." तिचं बोट काळ्या काचेवर डावीकडून उजवीकडे सरकत होतं, ओळ संपली की खाली उतरत होतं. पान बदलायचं तिथे तिने सीडीतल्या बाईसारखा श्वास घेतला आणि पुढचं पान सुरू केलं. पोरं हसली नाहीत. त्यांना वाटलं, ही इतकी हुशार आहे की हिला दिसत नसलं तरी वाचता येतं.

तुम्ही दारात उभ्या होतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शाब्बास, मायाक्का."

संध्याकाळी आपल्या खोलीवर भाकरी थापता थापता तुम्ही सांगितलंत, "अगं, तिचा आजा धुळा बिरोबाच्या जत्रेत रात्रभर ओव्या म्हणतो, एक कडवं चुकत नाही. त्या घरात एकदा कानावर पडलेलं कुणी विसरत नाही. ती वाचत नाही, अक्षता. ती ओवी म्हणतेय." मी तुम्हाला म्हटलं, पाठांतरातूनच वाचन येतं. कुठल्याशा पुस्तकातलं वाक्य होतं. तुम्ही भाकरी उलटलीत.

मग सांगलीची बैठक. तुम्ही तुमचं म्हणणं मांडलंत. हंबीरराव साहेबांनी मला विचारलं, "काय अक्षताबाई, तुमचं काय मत?" एवढंच म्हणायचं होतं की ताई म्हणतात ते खरं असेल, तपासून बघते. मी म्हटलं, "ताईंना कॉम्प्युटरची सवय नाही. थोडी भीती वाटते त्यांना." सगळे हसले. तुम्हीही हसलात थोड्या. ते हसू मला अजून दिसतं. बदलीचा कागद त्यानंतर आला.

तुम्ही विचाराल का केलंस. मी स्वतःला विचारते तेव्हा एक चांगलं उत्तर येतं आणि एक वाईट. चांगलं असं की, हे यंत्र खरं ठरलं तर वाडीवाडीत जाईल असं मला मनापासून वाटत होतं. वाईट असं की, आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, आणि माझं शिक्षण लोकांना डोळ्यांनी दिसावं, लवकर दिसावं, याची मला घाई झाली होती. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण नोव्हेंबरला कुठला धडा दाखवायचा हे मी निवडलं, ते दुसऱ्या उत्तराने निवडलं.

पाचवीचं मी विचारलं ते सोडून द्या.

अक्षता


बिरोबाचीवाडी
२८ फेब्रुवारी १९९९

संयोगिताताई,

तुमचं कार्ड मिळालं. "ओळींचा क्रम बदलून दाखवा. मग लिहा." मायना नाही, सही नाही. तरी मी ते उशाखाली ठेवलं.

सांगितलंत तसं केलं. 'कारंजे'तलीच वाक्यं टाइप केली, खालची वर, वरची खाली, आणि मायाक्काला बसवलं. तिचं बोट 'माळी फुलांना पाणी घालतो' या ओळीखाली होतं आणि तोंडातून आलं, "बागेत एक सुंदर कारंजे आहे." मी म्हटलं, पुन्हा बघ. तिने पुन्हा तेच म्हटलं, आधीपेक्षा गोड आवाजात. तिला वाटलं, मला सूर आवडला नाही.

मग एकेकाला बसवलं. दोघीतिघी सोडल्या तर अख्ख्या चौथीचं हेच आहे.

काही दिवस मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. वर कापड टाकून ठेवलं. त्या दिवसांत लक्षात आलं की सीडी सुरू झाल्यापासून चौथीतल्या कुणी मला एकही प्रश्न विचारलेला नाही. मी त्याला शिस्त समजत होते. तुम्ही तिसरीला गोल बसवून गप्पा मारायचात तेव्हा मीच येऊन म्हणायचे, "ताई, जरा हळू, आमच्या खोलीत सीडी ऐकू येत नाही."

सोमवारी मी कापड काढलं, स्पीकर कपाटात टाकले आणि सगळ्या वर्गाला पडद्यापुढे गोल बसवलं. विचारलं, "कारंजं म्हणजे काय?"

कुणाला माहीत नव्हतं. पाहुण्यांपुढे तो धडा म्हणून दाखवणाऱ्या मायाक्कालाही नाही. मी सांगितलं, बागेत मधोमध पाणी जोरात वर उडवतात, बघायला छान दिसतं म्हणून.

"टँकरची पाइप निसटल्यावर उडतंय तसं?" पिंकी म्हणाली.

"तसंच."

"मग भांडनं लागत असतील की वो बाई."

"कशाला लागतील?" जोतिबा म्हणाला. "शहरात पानी लय असतंय."

"लय असलं म्हून उडवायचं व्हय रं?" ही मायाक्का. "माजी आय असती तर त्या माळ्याला बडवला असता."

"आगं, वर गेलेलं पानी खालीच पडतंय की. घागर लावायची."

"घागर लावली तर कारंजं कसलं त्ये? मग नळच झाला की!"

"आनी पोरं टाळ्या कशापायी पिटत्यात? घागरी आनायच्या सोडून?"

सगळा वर्ग एकदम बोलत होता, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. नाथाजी सर दारात आले. "काय बाई, जतचा बाजार भरवलाय काय?" मला तुमची इतकी आठवण झाली.

ते बोलत होते ते मी तसंच्या तसं टाइप करत गेले, मोठ्या अक्षरांत, दुरुस्त न करता. 'माळ्याला बडवला असता' हे पडद्यावर उमटलं तशी मायाक्का उठून जवळ आली.

"ह्ये मी बोलले त्ये?"

"हो."

"ह्यात माळी कुटं हाय?"

दाखवायला बोट उचललं होतं, ते खाली घेतलं. म्हटलं, "तूच शोध." तिला फार वेळ लागला. बाकीची पोरं खाणाखुणा करत होती, त्यांना मी गप्प केलं. तिने आधी 'म' शोधला, तो तिला येतो, स्वतःच्या नावातला. मग प्रत्येक 'म'पाशी थांबून पुढचं अक्षर बघत गेली. सापडल्यावर हसली नाही. परत एकदा तपासलं.

आता रोज असंच करतो. पोरं बोलतात, भांडतात, मी टाइप करते, मग ज्याचं वाक्य त्याने शोधायचं आणि दुसऱ्याने ते बदलायचं. शब्द बदलला की पडद्यावर लगेच बदलतो, पाटीसारखं सगळं पुसावं लागत नाही, आणि सगळ्यांना एकदम दिसतं, म्हणून वादही एकदम होतो. यंत्र वाईट नव्हतं, ताई. मी ते पोरांच्या तोंडावर हात ठेवायला वापरलं.

पण हे पहिलीचं वाचन आहे. जून फार जवळ आहे. मायाक्काला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं हा नवा खेळ आहे आणि खरं वाचन तिला येतंच.

अक्षता


बिरोबाचीवाडी
४ एप्रिल १९९९

संयोगिताताई,

सांगलीहून संस्थेचं पत्र आलं. एक मे रोजी मोठा कार्यक्रम आहे. मायाक्काने स्टेजवर वाचून दाखवायचं, ते पाहून सगळ्या शाखांना कॉम्प्युटर द्यायचे, आणि जूनपासून मी साताऱ्याला जाऊन शिक्षकांना तयार करायचं. आण्णांना मी कळवलं नव्हतं, सरांनी कळवलं. बेदाण्याच्या शेडवरची दोन माणसं घेऊन ते सांगलीला येणार आहेत. शेडच्या मालकाकडून त्या दिवसाची सुट्टीसुद्धा मागून घेतली.

मी नाथाजी सरांना सांगितलं की मायाक्काला वाचता येत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आता मागं फिरायचं न्हाई बाई. एक मे निभावून न्या. जूनमधी पोरगी शिरवळला गेली की तिथलं ते बघतील."

तिथलं म्हणजे तुम्ही. ज्यांना मी भित्र्या ठरवलं त्यांच्याच वर्गात ती पोर पुस्तक उघडून बसणार, आणि चाळीस पोरींसमोर पहिल्याच ओळीला उघडी पडणार. ते ऐकल्यावर मी सरळ हरणाबाईच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले.

ती कोकरांना शेवरीचा पाला टाकत होती. धुळा आजा बाजल्यावर बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, वीज गेली तिथपासून. ती पाला टाकायची थांबली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग त्या दिशी इचारलं तवा का न्हाई सांगितलंसा?"

"लाज वाटली."

"आनी आता?"

"आताही वाटते."

"लाज तुमची, बाई. वरीस माजं गेलं. समदी मानसं मेंढरामागं, आनी मी हितं येकटी टँकरची वाट बघत बसले. कशापायी?"

म्हातारा मध्येच म्हणाला, "आगं, आक्खा धडा पोरीनं कानानं धरला, ते काय कमी हाय?"

"तुमी गप बसा, मामा. कानानं धरायला शाळंत कशाला घालायची? ते तुमच्यापशी बसून आलंच असतं की."

मग मला म्हणाली, "पोरीला सांगितलंसा?"

"नाही."

"मग सांगा. माज्या म्होरं सांगा."

मायाक्का बाहेरून आली, डोक्यावर शेणाची पाटी. मी तिला खाली बसवलं. म्हटलं, मायाक्का, तू जे धडे म्हणतेस ते तुला पाठ आहेत. ते वाचणं नाही. मला हे पहिल्यापासून माहीत होतं, मी तुला सांगितलं नाही. आता आपण माळी शोधतो, ते वाचणं आहे.

तिने शेणाचे हात परकराला पुसले. मग म्हणाली, "मग मी काय करत हुते, बाई? येवढे दीस?"

मला वाटलं होतं रडेल. ती पाटी घेऊन उठली आणि उकिरड्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत आली, पण पडद्यासमोर बसली नाही. भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागे बसली. पिंकीने जागा धरून ठेवली होती, ती रिकामीच राहिली. अजून रोज तिथेच बसते. तोंड उघडत नाही. जिला मी बोलतं करायला निघाले होते ती एकटी गप्प आहे आणि बाकीचा वर्ग बोलतोय.

हरणाबाईने निरोप पाठवलाय, पोर सांगलीला येणार नाही. मला एकटीला जावं लागेल.

अक्षता


बिरोबाचीवाडी
१६ मे १९९९

ताई,

एक मेचं तुमच्या कानावर आलं असेल तर चुकीचं आलं असेल, म्हणून मीच लिहिते.

स्टेजवर कॉम्प्युटर होता, झेंडूच्या माळा घातलेला. मी माइकसमोर गेले. म्हटलं, मायाक्का आलेली नाही. नोव्हेंबरमध्ये तिने केलं ते वाचन नव्हतं, पाठांतर होतं. मला ते ऑगस्टपासून माहीत होतं. संयोगिताबाईंनी ते वेळेवर सांगितलं होतं, आणि मी त्यांचं हसं केलं. हे मी लिहून नेलं होतं आणि कागदावरून वाचलं.

हंबीरराव साहेब उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "बघा, अक्षताबाईंचा विनय बघा! एवढं काम करून श्रेय सहकाऱ्याला देतात. असे शिक्षक ही आपल्या संस्थेची श्रीमंती आहे." आणि टाळ्या वाजल्या. ताई, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की संगणकावरील वाचनाचे प्रात्यक्षिक उत्साहात पार पडले.

आण्णा मागच्या रांगेत होते. नंतर आम्ही स्टँडवर तासगावच्या गाडीची वाट बघत होतो. शेडवरची दोन माणसं चहाला गेल्यावर म्हणाले, "टाळ्या वाजवनाऱ्यास्नी न्हाई कळलं. मला कळलं."

मी त्यांची पिशवी हातात घेतली.

"पोरीला सांगितलंस का आदी? का सरळ माइकावरच?"

"आधी पोरीला."

"मग ठीक हाय." पुढे म्हणाले, "त्ये कात्रण काडतो. शेजारी इचारतील, तर मी काय सांगायचं त्ये सांगंन. तू येऊ नगंस समजवायला." गाडीत चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटतं, गर्दी होती म्हणून. मला तसं वाटून घ्यायचं आहे.

तीन तारखेला मी साहेबांच्या ऑफिसात गेले. म्हणाले, "बाई, झालं ते झालं. पोरीचं नाव कारखान्याला कळवलंय, जागा तिच्या नावावर पडलीय. तिला शिरवळला धाडा, तुम्ही साताऱ्याची तयारी करा. शिकेल तिकडं हळूहळू." वाईट बोलले नाहीत. मलाही दोन मिनिटं ते सोपं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. येताना गाडीत मी साताऱ्याला खोली कुठे मिळेल याचासुद्धा विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई खोलीवर आली. या वेळी पायरी चढून आत आली.

"मानसं म्हनत्यात औंदा पावसाळाबी तिकडंच काडायचा. हितं प्यायला पानी न्हाई, मेंढरं कुटं आनायची? मी आईतवारी चालले. म्हाताऱ्यालाबी नेते."

"आणि मायाक्का?"

"त्येच इचारायला आले. शिरवळला धाडली तर पोरी हसतील, आटवड्यात पळून येईल. मेंढरामागं नेली तर शाळा बास झाली. तुमी बिगडवलंय, तुमीच निस्तरा. तुमच्यापशी ठेवून घ्या." मग थांबून म्हणाली, "तुमी साताऱ्याला चाललाय म्हनं?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

"उद्या न्हाई, बाई. त्या दिशी पायरीवनं सरांकडं धाडलंसा. आता हितंच सांगा."

मी सांगितलं, जात नाही. ती उठली, चुलीकडे बघितलं, पाण्याचा पिंप उघडून बघितला, आणि म्हणाली, "भाकरी तिला करू द्या. तुमास्नी जमत न्हाई, सगळ्या वाडीला ठाऊक हाय."

मायाक्का आली ती पिशवी पोटाशी धरून. माझ्याशी कामापुरतं बोलते. भाकरी खरंच चांगली करते, आणि माझ्या भाकरीकडे बघून तोंड फिरवते. शाळेला सुट्टी आहे, पण किल्ली माझ्याकडे असते. वीज असेल तेव्हा आम्ही दोघी जाऊन बसतो. चार दिवस ती नुसती बसून होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "लिवा."

"काय लिहू?"

"लिवा, बाई खोटं बोलल्या."

मी टाइप केलं, मोठ्या अक्षरांत. ती पुढे आली. 'बाई' सापडलं. 'खोटं'ला पुष्कळ वेळ लागला, 'ख' तिने कधी नीट बघितलाच नव्हता. मी बसून राहिले. ते तीन शब्द तिने एकेक करून वाचले, सूर न लावता, अडत. मग म्हणाली, "आता खाली लिवा, का?" आणि माझ्याकडे बघत राहिली. त्याचं उत्तर आम्ही अजून लिहितो आहोत. ती शब्द बदलायला लावते. 'लाज' तिला पुरेसा वाटत नाही.

तिचा निकाल मी राखून ठेवला होता, त्यात तिला चौथीतच ठेवलं. नाथाजी सरांनी सही करताना म्हटलं, "बाई, तुमी माजं रिटायरमेंट काय सुखानं हू देत न्हाई." पण केली. शिरवळची जागा दुसऱ्या मुलीला द्यावी आणि साताऱ्याला माझ्याऐवजी दुसरं कुणी पाठवावं, असं पत्र मी रजिस्टरने सांगलीला पाठवलं. बैठकीत मी तुमच्याबद्दल काय बोलले आणि ते कसं खोटं होतं, हेही त्यात आहे, विनय म्हणता येणार नाही अशा शब्दांत. एक प्रत कारखान्याच्या साहेबांना गेली आहे.

खोलीत दुसरं अंथरूण नव्हतं. तुमची लोखंडी खाट तुम्ही नंतर नेऊ म्हणून ठेवली होती. ती मी मायाक्काला दिली. तुम्हाला विचारलं नाही.

अक्षता